सोनेरी कडा

एडिनबऱ्यातल्या फिनलेच्या घरी मॉरैग चहात बिस्किट बुडवत म्हणाली, “आमच्या डुगल्डचं पुस्तक जरा दाखव रे.” नवरा डुगल्ड वारल्यावर तिने जुन्या कादंबरीची ती खिळखिळी पहिली आवृत्ती त्याच्या या संग्राहक मित्राला देऊन टाकली होती. “सहाव्या प्रकरणात नायिका रडत बसते, तिथे समासात त्याने पेन्सिलीने लिहिलंय, ‘आता पुरे कर बाई.’ त्याचं अक्षर बघायचंय.” फिनलेने पुस्तक काढलं. त्यावर आता लाल चामडं होतं, पानांच्या कडांना सोनेरी मुलामा. बाइंडरकडून समास त्यानेच छाटून घेतले होते. त्याच्या संग्रहात खरडलेली पानं चालत नसत. मॉरैगने सहावं प्रकरण दोनदा चाळलं. “किती देखणं केलंस. माझ्याच लक्षात राहत नाही हल्ली. सातव्यात असेल का?” “असेल,” फिनलेच्या तोंडून गेलं. तिने चष्मा पुसून सातवं उघडलं. त्याला मान वर करवेना.