दोघींचं पान

महेजबीनची शाळा उर्दू, म्हणून ती मराठी हळू वाचायची. गोरेगावात सुट्टीच्या दुपारी तुरीच्या पोत्याला टेकून आम्ही दोघी एकच प्रेमाची कादंबरी वाचायचो. माझं पान आधी संपायचं आणि मला धीर नसायचा. मी विचारायची, "उलटू का?"

ओळीवर बोट ठेवून ती म्हणायची, "थांब ना. त्यानं तिचा हात धरला न्हाई अजून."

महेजबीन वारली त्याला वर्ष झालं. काल दुपारी ती कादंबरी पुन्हा काढली. हात धरायचं पान आलं, तशी मीच हळू झाले. ते संपूच नये असं वाटत होतं.

अर्ध्या पानावर असताना कानाशी तिचा आवाज आला, "उलटू का?"

मी ओळीवर बोट दाबून धरलं.

पानाचा कोपरा हळूच वर उचलला गेला.