टेकडीवरच्या ताटल्या

दुपारचं जेवण आटोपून शरयूताई स्टीलची ताटली घेऊन गच्चीवर आल्या. समोरच्या टेकडीवर पोरांचं उन्हाळी शिबिर भरलं होतं.

त्यांची केतकी लहानपणी तिथेच जायची. शिबिरातल्या सगळ्या पोरांसारखी तीही जेवल्यावर घासलेली ताटली उन्हात अशी धरायची, की घरच्या गच्चीवरून लख्ख दिसावी. "आई, मी पोटभर जेवले," असा त्याचा अर्थ. मग इकडून शरयूताईंची ताटली चमकायची.

आता केतकी कॅनडात. सकाळीच फोनवर म्हणाली, "आई, यंदाही जमत नाहीये गं."

शरयूताईंनी उगाच ताटली उन्हात फिरवली.

क्षणभर काहीच झालं नाही. मग टेकडीवर एक ताटली लखलखली, मग दुसरी, मग दहा-बारा.

प्रत्येक पोराला वाटलं असणार, आपलीच आई! हात भरून आले, तरी शरयूताईंनी ताटली खाली केली नाही.