शिडीमागचा माणूस

भोपळा शिडीवरून थेट चुन्याच्या बादलीत पडला आणि निर्मात्याची बायको हसली नाही.

निर्माता पडद्याकडे पाठ करून बसला होता. आपले मूकपट तो असेच बघत असे. पडद्यावरचं त्याला तोंडपाठ असायचं. बघायचा तो समोरचा चेहरा. त्यातही बायकोचा सगळ्यात अवघड. परकी माणसं तिकीट वसूल व्हावं म्हणून तरी हसतात, घरची माणसं फुकटातसुद्धा हसत नाहीत.

"वहिनी, चुना खरा होता हो," बाजूच्या खुर्चीतून भोपळा म्हणाला. चित्रपटात पडणं हाच या गोलमटोल नटाचा धंदा होता.

"मग पडलात कशाला?"

निर्मात्याने घाम पुसला. या खेपेला लोक हसले नाहीत तर आपला पडदा रडक्या चित्रपटांना देणार, असं थिएटरच्या मालकाने बजावलं होतं. रडणारे लोक निदान रुमाल घरून आणतात.

तेवढ्यात बायको खुदकन हसली. निर्माता गर्रकन वळला. पडद्यावर भोपळा बादलीतून डोकं सोडवत होता, बाकी काही नाही.

"अगं, हसलीस कशाला?"

"परत लावायला सांगा."

कॅमेरामनच यंत्रावर होता. त्याने रीळ मागे घेऊन पुन्हा लावलं. ती पुन्हा हसली. निर्मात्याला पुन्हा फक्त तीच दिसली.

"अहो, एकदा तरी तिकडे बघा!"

तिसऱ्यांदा त्याने खुर्ची फिरवली. शिडीमागचं दार उघडलं. बंद गळ्याचा कोट घातलेला एक गृहस्थ छत्री घेऊन आत आला. कॅमेरा दिसताच जागच्या जागी थिजला. मग उघडलेली छत्री तोंडापुढे धरून, चवड्यांवर, उलट पावली बाहेर गेला.

"हा गाढव कोण?" निर्मात्याने विचारलं.

भोपळा छताकडे बघू लागला. निर्मात्याची नजर हळूहळू आपल्या खुर्चीला टेकवलेल्या छत्रीवर गेली.

"मांजर डोळे मिटून दूध पितं ना, तसं," बायको म्हणाली. "घरी साखरेच्या डब्याकडे अस्सेच जाता."

"साहेब, तेवढा तुकडा कापून टाकतो," कॅमेरामन म्हणाला.

"कापतोस काय! उद्या परत घेऊ. जवळून."

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टुडिओत बायकोला मुद्दाम खुर्ची दिली. निर्माता दारातून आला, थिजला, छत्री उघडली, मागे गेला. बायको म्हणाली, "हं."

त्याने सावकाश करून पाहिलं, घाईने करून पाहिलं.

"साहेब, आधी घाबरा, मग छत्री," भोपळ्याने समजावलं. निर्माता आधी घाबरला, मग छत्री उघडली. कॅमेरामनला जांभई आली.

"पडायला बरं पडतं हो त्यापेक्षा," भोपळा हळहळला.

दुपारपर्यंत निर्मात्याने हात टेकले. "आपल्याला नाही जमत. बंद करा." कोणाच्या तोंडाकडे बघायची त्याला सोय उरली नव्हती. बायकोचा खुर्चीतच डोळा लागला होता. तिची झोप मोडू नये म्हणून त्याने बूट काढून हातात घेतले, छत्री काखेत मारली आणि चवड्यांवर दाराकडे निघाला.

कॅमेरामन कोणाला न विचारता कॅमेऱ्याचं हँडल फिरवू लागला. भोपळ्याने तोंडात रुमाल कोंबला.

निर्मात्याची सगळ्यांकडे पाठ होती. झोपलेल्या बायकोचे खांदे हलत होते.