मुंबई कुणाची? विचार भोंग्याला

"तीन हजार!" शाहीर गुणाजीनं काउंटरवर मूठ आपटली. "तीन हजारांपेक्षा एकही रेकॉर्ड कमी खपली नसेल."

"पाच हजार," भिवा म्हणाला. "आणि त्यातल्या चार हजार गिटारसाठी."

दत्तारामनं चष्म्यावरून दोघांकडे पाहिलं. गिरगावातलं ते रेकॉर्डचं दुकान त्याचं होतं. "माझ्याकडून एकशे नऊ गेल्या," तो म्हणाला. दोघांनी लक्ष दिलं नाही. दत्ताराम खोटं बोलतो, एवढ्या एका गोष्टीवर त्यांचं एकमत होतं.

गुणाजी लालबागच्या गिरणीत साच्यांवर कापड विणायचा आणि पाळी सुटली की संयुक्त महाराष्ट्राच्या सभांत डफ घेऊन उभा राहायचा. भिवा परळच्या चाळीतला, चोवीस वर्षांचा, डोक्यावर केसांचा कोंबडा काढलेला. फोर्टातल्या एका हॉटेलात तो रॉक अँड रोल वाजवायचा. वर्षापूर्वी दोघं एका सभेत भेटले. गुणाजीनं टिपेचा सूर लावला, 'मुंबई कुणाची? विचार भोंग्याला!' आणि भिवानं गिटारच्या तारेवरून लोखंडी नळी सरकवली. हुबेहूब गिरणीचा भोंगा वाजला. मैदान उभं राहिलं. दोन महिन्यांत रेकॉर्ड निघाली. एका बाजूला गुणाजीचं गाणं, दुसऱ्या बाजूला त्याच चालीवर नुसती गिटार. भांडण त्या तव्यावरच छापून आलं होतं.

आता शिवाजी पार्कच्या सभेचं बोलावणं आलं होतं. वक्ते फार, वेळ थोडा. ज्याची बाजू लोकांना जास्त आवडते त्या एकानंच यावं, असा निरोप होता. म्हणून गिऱ्हाईक कुठली बाजू मागतं ते बघायला दोघं सकाळपासून दत्तारामच्या दुकानात ठाण मांडून होते.

"शाहीर, तुमची बाजू लोक एकदा लावतात," भिवा म्हणाला. "माझी झिजेपर्यंत लावतात."

"तुझी बाजू लागली की लोकांना वाटतं पाळी सुटली. उठून घरी जातात!"

एवढ्यात दारात दोन शिपाई उभे राहिले. त्यांच्यामागून फौजदार आत आला.

"ती भोंग्याची रेकॉर्ड इथंच मिळते ना? ती वाजली की माणसं जमतात आणि जमली की हलत नाहीत. किती खपल्या?"

दत्तारामनं शंभर गिळले. "नऊ," तो म्हणाला.

"नऊ कसल्या!" गुणाजी घाईनं म्हणाला. "पाचसुद्धा नसतील, साहेब."

"दोन," भिवा म्हणाला. "त्यातली एक माझ्या आईनं घेतली."

फौजदारानं वही उघडली. "मग लोकांना एवढं चढलंय ते कुणामुळे?"

"शाहिरांमुळे!" भिवा म्हणाला. "आवाज बघा ना त्यांचा. मी आपला तारा ओढतो."

"छे छे, सगळी करामत पोराची," गुणाजी म्हणाला. "माझी बाजू तर लोक पुसतसुद्धा नाहीत."

वर्षभरात पहिल्यांदाच ते एकमेकांचं इतक्या मोकळ्या मनानं कौतुक करत होते. फौजदारानं ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि वही मिटली.

"इतके गुणी कलावंत आहात, तर दोघंही चला."

कोठडीत पाय ठेवायला जागा नव्हती. सकाळी एक मोर्चा धरून आणला होता. साठेक माणसं दाटीवाटीनं बसली होती. दोघं कोपऱ्यात टेकले आणि भिंतीकडे बघत राहिले. गुणाजीला गिरणीतला खाडा दिसत होता आणि घरी वाट बघणारी बायको, लक्ष्मी. पण त्याला खात होतं ते वेगळंच.

"मी तुझ्यावर ढकललं रे," तो हळूच म्हणाला.

"मी आधी ढकललं, शाहीर."

"आधी मी!"

"अहो, फौजदारापुढं दुसऱ्याचं नाव पहिलं कुणी घेतलं? मी!"

आवाज चढायला लागला होता. तेवढ्यात पलीकडच्या भिंतीजवळून कुणीतरी खणखणीत हाक दिली, "मुंबई कुणाची?"

"विचार भोंग्यालाऽऽ!" साठ गळे एकदम म्हणाले. मग सगळ्यांनी ओठांचा चंबू केला आणि कोठडीत भोंगा घुमला. गज थरथरले. बाहेरच्या हवालदाराची काठी नकळत फरशीवर ठेका धरायला लागली.

गुणाजीचे डोळे भरून आले. भिवाच्या अंगावर काटा आला. साठच्या साठ! म्हणजे पाच हजारांचा आकडासुद्धा कमीच म्हणायचा.

"रेकॉर्ड कुठल्या दुकानातून घेतलीस, भाऊ?" गुणाजीनं शेजारच्या माणसाला विचारलं.

"कसली रेकॉर्ड?" तो शिवडीच्या गोदामातला हमाल होता. "आमच्याकडं माहीमची कोळीण येते, ती पाटी उतरवताना म्हणते. तिच्याकडनं शिकलो."

दुसऱ्यानं ते पाण्याच्या नळावर ऐकलं होतं. तिसऱ्याला त्याच्या बायकोनं शिकवलं होतं. या गाण्याची रेकॉर्ड आहे हे कुणालाच माहीत नव्हतं. शाहीर गुणाजी आणि गिटारवाला भिवा ही नावंही कुणी ऐकली नव्हती.

गुणाजीला राहवलं नाही. तो उठला, कानावर हात ठेवला आणि रेकॉर्डमध्ये गायला होता अगदी तसंच गायला. भिवाही उठला आणि गिटारवर घेतला होता तसाच भोंगा त्यानं तोंडानं चढवत चढवत वर नेला. मधेच त्यांच्या लक्षात आलं की बाकी सगळे गप्प झालेत. साठ जण त्यांच्याकडे टकमक बघत होते.

दगडू नावाचा एक म्हातारा पुढे आला. तीस वर्षं गिरणीच्या सूतखात्यात काढलेला माणूस. त्यानं दोघांच्या खांद्यांवर हात ठेवून त्यांना खाली बसवलं.

"सगळा चुकतास रे, बाबांनू," तो समजुतीनं म्हणाला. "ह्या गाणा आमचा आसा. आमच्या मागसून म्हणा, मगे येतला तुमका."