मंग तूच टाक

“माह्या शिलाई मशीनचं पायडल कुठं गेलं?” सुग्राबीने अंगणात येऊन विचारलं.

जलाल आडवी पाडलेल्या मोटरसायकलच्या पोटात डोकं घालून बसला होता. एक पाय मुडपलेला आणि डावा समोर लांब सोडलेला. अपघातानंतर त्या घोट्यात सळई घातली आणि तो पाय फळीसारखा होऊन बसला. उभं राहायला चालायचा, पण पंजा ना वर व्हायचा ना खाली. आणि गिअर तर डाव्या पायानेच टाकायचा असतो.

“सादचे अब्बा, मी तुमाले विचारून राह्यली.”

“तो पाना दे इकडं.”

“पाना गेला चुलीत! पायडल?”

मशीनला मोटर बसवल्यापासून ते लोखंडी पायडल खाटेखाली धूळ खात पडलेलं होतं. तिला ते लागणार नव्हतं. पण आपली वस्तू आपल्याला न विचारता हलली, हे सुग्राबीला कधीच खपायचं नाही.

तिने शिवलेले फ्रॉक आणि परकर दोघं मिळून दारव्ह्याच्या आसपासच्या बाजारांत विकायचे. पुढे जलाल, मध्ये गठ्ठा, मागे एका बाजूला पाय सोडून सुग्राबी. तिचे पाय लेडीज फूटरेस्टवर आणि तोंड जलालच्या कानाशी. आयुष्य मशीनवर गेलेलं, त्यामुळे दोरा तुटायच्या आधी तिला आवाजावरून कळायचं. गाडीचंही तसंच. त्याच्या पाठीत बोट खुपसून ती म्हणायची, “गाडी ओरडून राह्यली, गिअर टाका!” आणि जलाल मान न वळवता म्हणायचा, “मंग तूच टाक!” निकाह जितका जुना, तितकंच हे भांडण जुनं.

आता ती एकटीच जीपमध्ये स्वतःला कोंबून बाजाराला जायची आणि जलाल घरी कोंबड्या राखायचा. बाजारातला गोंगाट, चहा, भाव करणाऱ्या बायांशी हुज्जत, सगळं सुटलं. संध्याकाळी तो दारातच बसलेला असायचा.

“घरी बसून माणूस गंजते, सुग्रा.”

“गंजला तर चालते. मोडला तर नाही चालत.”

तिचं बोलणं उगाच नव्हतं. आधी त्याने फूटरेस्ट पुढे सरकवून पाहिले होते. गिअरच्या दांड्याला लांब पट्टी जोडली, म्हणजे पंजा नाही तर अख्खा पाय ढकलून गिअर पडेल. पडला की! पण वळणावर उतरवायची वेळ आली तेव्हा टाच मागे जाईना, आणि जलाल गाडीसकट शेजाऱ्याच्या कपाशीच्या वाळल्या पऱ्हाटीच्या ढिगात घुसला. त्याच्या दाढीतल्या काड्या काढता काढता सुग्राबी हमसून हमसून रडली. या माणसाशिवाय आपल्याला राहता येणार नाही, हे तिला त्या ढिगापाशी कळलं. त्याच संध्याकाळी तिने गल्लीतल्या संघदीपला सांगितलं, गाडी विकायची आहे, घेऊन जा.

तो संघदीप आत्ता फाटकातून आत आला. जलालने गाडी उभी केली. संघदीप ऐटीत बसला, किक मारली, क्लच दाबला आणि डावा पाय इकडेतिकडे चाचपू लागला. मग त्याने खाली वाकून पाहिलं.

“चाचा, गिअर कुठी हाय?”

पायाशी दांडाच नव्हता. सुग्राबीने कपाळावर हात मारला. “पाहा! विकू नाही म्हणून गाडीचंच वाटोळं केलं!”

जलाल फडक्याला हात पुसत आला. त्याने गाडी बंद करून संघदीपला उतरवलं, स्वतः बसला आणि मागची सीट थोपटली.

“बस.”

“मी नाही बसत. अल्लाची कसम, नाही बसत.”

“एक डाव बस. मंग नेऊ दे त्याले.”

विकायच्या आधी एकदा, म्हणून ती बसली. सवयीने एका बाजूला पाय सोडले, आणि तळव्यांना ओळखीची लोखंडी जाळी लागली. फूटरेस्टच्या जागी तिचंच पायडल होतं, कापून निम्मं केलेलं. त्याच्या टोकापासून एक सळई थेट गिअरपर्यंत गेली होती. तिने नकळत उजवा पाय दाबला. खट्. डावा दाबला. खट्.

“हे काय हो?”

“लग्न झालं तवापासून सांगून राह्यलो ना,” जलाल समोर पाहत म्हणाला. “मंग तूच टाक.”

सुग्राबीने पायडलची जाळी दोन्ही तळव्यांनी चाचपली. मग तिने त्याच्या पाठीत बोट खुपसलं. त्याने किक मारून क्लच दाबला. उजवा पाय खाली गेला आणि गाडी फाटकाबाहेर पडली.

गल्लीत पहिला, हनुमान मंदिरापाशी दुसरा, मोठ्या रस्त्यावर तिसरा. बोट, क्लच, पाय. गाडी एकदाही ओरडली नाही. परतताना पऱ्हाटीचा ढीग दिसला, तिचं बोट पाठीत रुतलं, क्लच दाबला गेला, आणि तरीही जलालच किंचाळला.

“सेकंड टाक! सेकंड टाक वं!”

“तुमी समोर पाहा,” सुग्राबी म्हणाली. सेकंड तिने केव्हाच टाकला होता.

फाटकाशी संघदीप तसाच उभा होता. “चाची, मंग नेऊ ना गाडी?”

सुग्राबी खाली उतरली नाही. तिने पदर सावरला, दोन्ही पाय पायडलवर नीट ठेवले आणि म्हणाली, “गाडी विकाले काढलती बापा, मले नाही.”