पेडलचं वजन

टक्.

मुलीने पायाने गिटारचा आवाज बदलणारं पेडल दाबलं आणि दुपारच्या निजलेल्या घरात गिटार एकदम किरट्या आवाजात ओरडली.

"अगं, मिक्सरमध्ये चमचा अडकलाय का?" स्वयंपाकघरातून बाबांनी विचारलं.

"बाबा, गप्प बसा हो! रॉकमधला ग्रंज आहे हा." मुलगी हसली. पण पुन्हा तारा छेडल्या तेव्हा तिचा चेहरा पडला. जाड, घोगरी गुरगुर हवी होती. निघत होती ती डब्यात कोंडलेल्या माशीची भुणभुण.

आई दारात उभी होती, बाळाचे वाळलेले कपडे छातीशी धरून.

"हे कधी आणलंस?"

"आजच. माझे स्केट्स विकले ना शेजारच्या ताईला." मुलीने मोबाइल पुढे धरला. "हा बघ, वेबसाइटवरचा तुझाच लेख. तीन बजेट, तीन पेडलं. महागातलं आपल्याला झेपणार नाही, मधलंही नाही. पण स्वस्तातल्याबद्दल किती छान लिहिलंयस गं!" ती मोठ्याने वाचू लागली, "‘हातात घेताच वजन जाणवतं. आवाज जाड, उबदार, थेट छातीत घुमणारा.’"

आईचे कान तापले. बाळ झोपलं होतं तेवढ्या पाऊण तासात उरकलेला लेख. इतरांच्या चार लेखांतून वेचलेली वाक्यं. ‘उबदार’ मात्र तिचा स्वतःचा. लिहून झाल्यावर तो शब्द तिला फार आवडला होता.

"आपला अ‍ॅम्प लहान स्पीकरचा आहे ना, म्हणून असेल," ती कपड्यांकडे बघत म्हणाली.

"छे, लहान अ‍ॅम्पवरही चालतं, तूच लिहिलंयस. माझंच काहीतरी चुकतंय." मुलगी उकिडवी बसून बटणं फिरवू लागली. "गेन, घड्याळाच्या तीनवर... ठेवलाय. टोन, बरोब्बर बारावर... ठेवलाय."

टक्. पुन्हा माशी.

मुलीने वायरी काढल्या आणि पेडल उचलून आईच्या हातात दिलं. रिकाम्या साबणाच्या डबीइतकं हलकं. दोन्ही बाजूंना एकेक भोक. गिटारची वायर त्यातल्या कुठल्या भोकात जाते, तेही आईला कळेना.

"तूच लावून दे ना," मुलगी म्हणाली. "तू वाजवून बघितलंस, तेव्हा बटणं कुठे ठेवली होतीस?"