लातूरकरांचं विचारणं

"नको," असं रामकिसनच्या तोंडातून निघायला आणि दैवशालाबाईंनी बशी उचलायला एकच गाठ पडली. भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा गरमागरम सुशीला, वरून तळलेले शेंगदाणे, कोथिंबीर, लिंबाची फोड. आली तशी आत गेली. रामकिसन बघतच राहिला.

अहो, नको म्हणजे काय खरंच नको असतं? धाराशिवपासून लातूरपर्यंत दोन तास एसटीत हाडं खिळखिळी करून घेत माणूस आलाय. सोबत बायको आहे, लग्नाची पोरगी आहे. पहिल्यांदा नको म्हणायचंच असतं. मग घरच्या बाईनं 'असं कसं, घ्यावंच लागंल' म्हणायचं. दुसऱ्यांदा आपण बशीवर हात आडवा धरायचा. तिसऱ्यांदा तिनं बोटांच्या फटीतून वाढायचं आणि आपण 'आता काय बाई' म्हणत खायचं. धाराशिवात शेंबड्या पोरालाही हे कळतं. एकेकाळी दोन्ही गावं एकाच जिल्ह्यात होती, म्हणून सांगितलं तर आज कुणाला पटणार नाही.

सृष्टीला विचारलं तेव्हा ती सरळ "हो, घेते" म्हणाली आणि आता बापासमोर बसून मजेत खात होती. राजेश्वरीनं नवऱ्याकडं बघून नकोच म्हटलं होतं. तीही रिकाम्या हातानं बसली होती.

मग चहाची वेळ आली. "साखर किती घालू?" दैवशालाबाईंनी विचारलं.

रामकिसनला शिसारीच आली. पाहुण्याला साखरेचं विचारतात व्हय? "घाला अंदाजानं," तो म्हणाला.

"अंदाजानं म्हणजे किती?"

"एक चमचा," तो दात आवळून म्हणाला. घरी तो तीन चमचे घेतो. तो पांचट चहा त्यानं काढ्यासारखा घशाखाली उतरवला.

दैवशालाबाई शिकणाऱ्या पोरांची मेस चालवायच्या. वरच्या मजल्यावर पोरं राहायची, खाली जेवायची, आणि भिंतीवर पाटी होती, 'लागेल तेवढंच मागा'. थूत्! ही काय पाटी झाली? रामकिसननं दोन किलो गुलाबजाम आणले होते, धाराशिवचे, पाकात बुडालेले. बाईंनी दोन्ही डबे उघडून बघितले आणि म्हणाल्या, "एवढे कशाला? आमच्यात गोड खाणारा समर्थ एकटाच. एक डबा परत न्या." आणि खरोखर एक डबा राजेश्वरीच्या पायाशी आणून ठेवला. आणलेलं गोड परत! रामकिसनला वाटलं, तो डबा उचलावा आणि ह्यांच्याच उंबऱ्यावर आपटावा.

पण आपटला नाही. स्थळ चांगलं होतं. समर्थ बाईंचा एकुलता एक, क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवायचा, सुपारीच्या खांडाचंसुद्धा व्यसन नाही, मागणी काही नाही. त्यांनी पोरीचा फोटो बघून होकार कळवला होता. आज सुपारी फोडूनच परतायचं, म्हणून रामकिसन टॉवेल-टोपी, नारळ, सगळं पिशवीत घालून आला होता. एकदा सोयरीक जुळली की ह्या कोरड्या माणसांच्या घरात वर्षातून एकदा यायचं. तेही घरनं जेवून.

"चला मग, घेऊ उरकून," असं म्हणत त्यानं पिशवीत हात घातला.

दैवशालाबाई सृष्टीकडं वळल्या. "तुला काय वाटतं गं? करायचंय का हे लग्न?"

सृष्टीनं घास गिळला. "नाही," ती म्हणाली. "मला आत्ता लग्नच नको. घरीपण हेच सांगितलंय."

रामकिसन मोठ्यानं हसला. "अहो ताई, लाजतीया ती! पोरीनं आधी न्हायच म्हणायचं असतंय. तुमी विचारा की परत."

"घरी कितींदा नाही म्हणाली?"

"दिवाळीपास्नं म्हणतीया की. त्याला काय हुतंय?"

दैवशालाबाईंनी चहाचे कप गोळा केले. मग म्हणाल्या, "मग मी परत काय विचारू? नाही म्हणाली ती. संपलं."

आईशेजारी बसलेला समर्थही "बरं" म्हणाला. नुसतं बरं! ना राग, ना रुसवा, ना गयावया. उलट सृष्टीला त्यानं पाण्याचा ग्लास पुढं केला.

आता मात्र रामकिसनच्या अंगाचा तिळपापड झाला. काय माणसं म्हणायची का कोण! आग्रह म्हणून नाही, गळ घालणं म्हणून नाही. पोरीच्या एका शब्दावर चालून आलेली सोयरीक मोडतात आणि वर पाणी पाजतात. ह्यांच्या दारात उभं राहण्याचीसुद्धा त्याला किळस आली. त्यानं बायकोकडं बोट केलं.

"ही बगा. हिला विचारा! मी ढोकीला बघायला गेलो तवा हीबी नकोच म्हणत हुती. एकदा न्हाय, चारदा. हिच्या बापानं मनावर घेतलं का? म्या घेतलं का? सव्वीस वर्सं झाली. नांदतीया का न्हाय सुखात?"

खोलीतल्या सगळ्यांनी राजेश्वरीकडं बघितलं. आल्यापासून तिच्याकडं कुणी बघितलंच नव्हतं.

"काय हो ताई," दैवशालाबाईंनी साखरेचं विचारावं तितक्या साधेपणानं विचारलं, "नको होतं तुम्हाला?"

राजेश्वरीनं नवऱ्याकडं बघितलं. घासात केस निघाल्यावर माणूस ताटाकडं बघतं, तसं बघितलं.

"नको हुतं," ती म्हणाली. "अजूनबी नकोच हाय."